सुटे

पंपाचा एक सुटा भाग शिकागोच्या कस्टममध्ये अडकला
आणि माझ्या हाती तीन सुटे दिवस आले,
खिशात खुळखुळणारे,
घरी नेऊन मोडता न येणारे.

डुलुथ. ऑक्टोबर.
मोटेलच्या खिडकीत अर्धं पार्किंग, अर्धं तळं.
तळं म्हणायचं ते जीभ चावून,
पलीकडचा काठ दिसतच नाही.

पहिल्याच रात्री कागदावर उभी रेघ मारली:
सकाळी वही, दुपारनंतर गाव.
वही म्हणजे बाबांच्या खाडीतले शब्द.
सहा वर्षं लिहितोय,
'प'च्या पुढे सरकलेलो नाही.
पाग. पालू.
एक जाळं, एक मासा, मग गप्प.

येळवंडे म्हणाला, "एवढ्या लांब येऊन खोलीत बसणार, साहेब?"
त्याच्या फोनवर यादी तयार:
दीपगृह, धबधबा, मालजहाजाचं म्युझियम,
सेल लागलेलं बुटांचं दुकान.
मी म्हणालो, बारापर्यंत थांब.

साडेदहाला भोंगा झाला.
एक लांब, दोन आखूड.
पेन उघडं टाकून धावलो.
पुलाचा अख्खा रस्ता आडवाच्या आडवा वर चढत होता,
गाड्या दोन्हीकडे मुकाट,
आणि खालून आमच्या वाडीपेक्षा लांब एक जहाज
घाई नसल्यासारखं आत आलं.
पुलानंही उत्तर दिलं. एक लांब, दोन आखूड.
काठावरच्या बायकांनी हात हलवले,
मीही हलवला. कुणाला, माहीत नाही.

परत आलो तर पेन सुकलेलं.

दुसऱ्या दिवशी ठरवून वही खोलीत ठेवली.
दीपगृहाच्या पायऱ्यांवर वारा कान कापत होता,
येळवंडे दर दहा पायऱ्यांना स्वतःचा फोटो घेत होता,
आणि मला, कुठून कोण जाणे, 'फ' सुचायला लागला.
फळी. फेर. मग थेट 'ब'. बोय.
कागद नव्हता.
तिकिटाच्या मागे लिहिलं, तिकीट भरलं,
मग येळवंडेच्या बर्गरच्या पिशवीवर.
समोर काय होतं, विचाराल तर
पाणी होतं. खूप होतं.

परतीच्या वाटेवर धुरावलेल्या माशांचं दुकान.
गल्ल्यावर आर्विड नावाचा म्हातारा, अंगठ्याचं नख काळं.
"काय बघायला आलात?"
"पंप," मी म्हणालो. तो मनापासून हसला.
मी विचारलं, इथे भरती येते?
"नाही. कधीमधी वारा पाणी एका काठाला ढकलतो,
मग ते परत येतं. न्हाणीतल्या टबासारखं."

रात्री आठला फोन लावला, तिकडे सकाळचे साडेसहा.
बाबा चूळ भरून आले.
"भरती नाही? मग कसला समुद्र.
तिथले लोक भांगाच्या दिवसांत करतात काय?"

भांग.
हा शब्द वहीत नव्हता.
अष्टमीच्या आसपासचे ते दिवस,
पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही,
डोल लावून उपयोग नाही.
बाबा अर्धा दिवस जाळं शिवायचे,
उरलेल्या अर्ध्यात सदरा घालून
आत्याकडे जायचे, दोन खाड्या पलीकडे.
"आणि जाळं?" मी विचारलं.
"कधी पुरं व्हायचं, कधी नाही.
आत्याकडचं जेवण मात्र चुकवायचो नाही."
मग म्हणाले, "फोनचं बिल होत असेल,"
आणि पुढची वीस मिनिटं बोलत राहिले.

तिसऱ्या दिवशी वही आणि मी, दोघं
पुलाजवळच्या बाकावर बसलो.
लिहिलं कमी. दोन जहाजं पाहिली.
तिसऱ्याची वाट बघत होतो तर कारखान्याचा फोन:
भाग आला, दोन वाजता या.

धबधबा राहिला.
येळवंडेला बूट मिळाले, एक नंबर लहान.

संध्याकाळी पंपाखाली आडवा पडून
पाना काढायला खिशात हात घातला,
हाताला लागली पाच-सहा नाणी
आणि चुरगळलेली पिशवी,
माशाच्या धुराचा वास येणारी,
तिच्यावर अर्धाच उमटलेला 'बोय'.
येळवंडे वरून ओरडला, "साहेब, चालू करू?"
म्हटलं, थांब जरा.